एई८६ आणि नवशिका हात

१९८३ साली टोयोटाने नव्या कोरोलाला पुढच्या चाकांची ओढ दिली, पण तिच्या लेविन आणि ट्रुएनो या कूपे गाड्यांत इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडेच राहू दिला. हीच एई८६. १६०० सीसीचे इंजिन, टनाच्या आत वजन. १९८७ पर्यंत ती बनली. पुढे १९९५ पासून ‘इनिशियल डी’ या चित्रकथेने तिला टोफू पोचवणाऱ्या शाळकरी पोराची गाडी केले आणि नवशिक्याला हीच उत्तम, हा समज रुजला. पण त्याच कथेत तो पोरगा पाच वर्षे एकच घाट चढउतार करत असतो, हे लोक विसरतात.

कोणी म्हणेल, मुंबईत कितीतरी जण मागच्या चाकांवर चालणाऱ्या पद्मिनी गाडीवरच शिकले. खरे आहे, पण पद्मिनीचे इंजिन जेमतेम चाळीस अश्वशक्तीचे. त्याहून जोरदार एई८६ मध्ये ओल्या वळणावर जरा जास्त रेस दिली की मागचा भाग बाहेर फेकला जातो, आणि मदतीला ना एबीएस, ना एअरबॅग. गाडी अप्रतिम आहे, यात शंका नाही. पहिली गाडी म्हणून मात्र ती घेऊ नये.