कृष्णेची नाव आणि शिवसागराचा तराफा

पलूस तालुक्यातील कृष्णाकाठी नदी ओलांडण्याच्या ज्या जुन्या जागा होत्या, त्यांचा इतिहास बहुधा एकाच क्रमाने घडलेला दिसतो. प्रथम पायउतार, पाणी चढले म्हणजे नाव आणि पुढे पूल. भिलवडी व अंकलखोप यांच्यामध्ये पूल झाल्यावर नित्याच्या वाहतुकीचे काम नावेकडे फारसे उरले नाही. औदुंबरास दत्ताचे दर्शन घेऊन पैलतीरावरील भुवनेश्वरीस जाणाऱ्या भाविकांपुरती ती मुख्यतः राहिली. महापुरात मात्र तिची पुन्हा आठवण होते. ऑगस्ट २०१९ मध्ये याच तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटून अनेकांचा अंत झाला, हे विसरता येण्याजोगे नाही.

हा क्रम इतका रूढ आहे की, नाव म्हणजे मागासलेल्या काळाचा अवशेष असे आपण गृहीतच धरतो. कोयनेच्या खोऱ्यात हे गृहीत टिकत नाही. पलूसकरांस कोयना परकी नव्हे. महाबळेश्वरी उगम पावणारी ही नदी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमात कृष्णेस मिळते आणि तिचेच पाणी पुढे पलूसच्या काठाने वाहते.

हेळवाकजवळ कोयनेवर धरण बांधण्याच्या कामास १९५४ साली प्रारंभ झाला व १९६२ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. सुमारे १०३ मीटर उंचीच्या या भिंतीमागे जो जलाशय पसरला, त्यास शिवसागर हे नाव मिळाले. जुन्या जावळीच्या मुलखातील, १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून घेतलेल्या त्या निबिड खोऱ्यातील सुपीक तळ पाण्याखाली गेला. तळातली गावे उठली. काही कुटुंबे डोंगराच्या कुशीत वर सरकली; पुष्कळांना ठाणे, रायगड, रत्नागिरी, सोलापूर, सांगली अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत पाठविण्यात आले. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. जे मागे राहिले त्यांच्या वाटांचे काय झाले, याची चौकशी मात्र क्वचितच झाली. उघडिपीच्या दिवसांत जी नदी चालत ओलांडता येई, तिच्या जागी आता खोल पाणी उभे राहिले. समोरच्या काठावरचे सोयरे, बाजार, दवाखाना, सारेच डोळ्यांना दिसावे आणि पायांना अंतरावे, अशी ही स्थिती होती.

साताऱ्याहून कास पठारावरून बामणोलीकडे उतरणारा रस्ता एका बाजूस आणि महाबळेश्वराहून तापोळ्यास उतरणारा रस्ता दुसऱ्या बाजूस. दोहोंच्या मध्ये जलाशय. प्रथम होड्या व लाँची आणि पुढे मोटारगाड्या वाहून नेणारा सपाट तळाचा तराफा, अशा साधनांनी ही तूट भरून काढली गेली. ही सेवा जिल्हा परिषदेने चालविली. म्हणजे येथे नाव जुनी नाही. ती धरणाइतकीच आधुनिक आहे. वाट आधी, नाव मागाहून, हा उलटा क्रम हेच या मार्गाचे खरे वैशिष्ट्य होय. प्रवासी मंडळी या फेरीस सहलीचा आनंद मानतात. तो त्यांनी अवश्य मानावा. प्रसूत होणाऱ्या बाईस पावसाळी रात्री पलीकडे न्यावयाचे असते, तेव्हा तोच जलाशय निराळा दिसतो. पश्चिमेकडील काठाचा मोठा भाग १९८५ पासून अभयारण्यात व २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात असल्याने तिकडे नवे रस्ते काढणेही सोपे राहिले नाही.

या पाण्याचा हिशोब पलूसपासून तुटलेला नाही. बच्छावत लवादाने कोयनेचे ६७.५ अब्ज घनफूट पाणी विजेसाठी पश्चिमेकडे वळविण्यास मुभा दिली. पायथ्याकडून सोडलेले पाणी कृष्णेत येते. टेंभू व ताकारी या उपसा योजना कृष्णेतूनच पाणी उचलतात, आणि उन्हाळ्यात सांगलीकडील पिके कोयनेतून किती पाणी सुटते याकडे डोळे लावून असतात. कृष्णाकाठच्या उसात वर बुडालेल्या वाटांचा वाटा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

तापोळा व आहीर यांना जोडणाऱ्या पुलाचे काम अलीकडे हाती घेण्यात आले. तराफ्याचा वेळ मात्र पाण्याच्या पातळीवर ठरतो. उन्हाळ्यात पाणी उतरू लागले की धक्का त्याच्यामागे खाली खाली सरकवावा लागतो, चिखलात दगड घालून गाड्यांना उतार करून द्यावा लागतो, आणि बुडालेल्या जमिनीचे बांध थोडे दिवस उघडे पडतात.