चरबीचा हिशेब आणि प्रथिनांचे काम

‘प्रथिने वाढवा, चरबी आपोआप उतरेल’ हे वाक्य आज व्यायामशाळेत सिद्धान्ताच्या थाटात ऐकवले जाते. शरीराचे सारे श्रेय प्रथिनांना देण्याची ही वृत्ती नवी नाही. कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजातले शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड मॅके यांनी १९१२ साली प्रथिनांवर ग्रंथ लिहिला. भातावर पोसलेला बंगाली किरकोळ आणि वायव्येकडचा शिपाई धिप्पाड, याचे कारण त्यांनी मुख्यतः प्रथिनांत शोधले. पण प्रांत बदलला की हवा, रोगराई, श्रम आणि ऐपतही बदलते. त्यातून एकट्या प्रथिनांना वेगळे कसे काढायचे? आज पावडर सुरू करणारा तरुण त्याच महिन्यात व्यायाम सुरू करतो आणि लुची-मिष्टी सोडतो. श्रेय मात्र डब्याला मिळते. चूक तीच आहे.

पूर्वपक्ष दुबळा नाही, हे आधी मान्य करतो. प्रथिने पचवताना त्यांतल्या ऊर्जेचा २० ते ३० टक्के भाग खर्ची पडतो. पिष्टाच्या बाबतीत हे प्रमाण ५ ते १० टक्के असते. प्रथिनांनी पोट अधिक वेळ भरलेले राहते. स्नायू टिकतात. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आक्षेप आहे तो त्यांतून काढलेल्या निष्कर्षाला.

पहिला मुद्दा पचनखर्चाचा. शंभर कॅलरींच्या प्रथिनांतल्या तीस पचनात गेल्या, तरी सत्तर उरतातच. त्या कुठे जातात? रोज दोनशे कॅलरींचा भात कमी करून तेवढीच प्रथिने खाल्ली, तर या खर्चातून फार तर पन्नास कॅलरी वाचतील. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे त्या एका किलोला पाच महिन्यांहून अधिक काळ लागेल. याला वितळणे म्हणावे का?

दुसरा मुद्दा प्रयोगांचा. २००९ साली अमेरिकेत ८११ जणांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. आहारातील प्रथिने काहींना १५ टक्के, काहींना २५ टक्के होती. दोन वर्षांअखेर वजनातली घट जवळजवळ सारखीच निघाली. २०१२च्या प्रयोगात २५ जणांना आठ आठवडे मुद्दाम जास्त खाऊ घातले, प्रथिनांचे प्रमाण मात्र तीन गटांत वेगवेगळे ठेवले. चरबी तिन्ही गटांत सारखीच, सुमारे साडेतीन किलो वाढली. फरक पडला तो स्नायूंसह उरलेल्या चरबीविरहित वस्तुमानात : कमी प्रथिनांच्या गटात ते घटले, इतर दोन गटांत वाढले. चरबीचा निकाल कॅलरींनी लावला, देहबांध्याचा प्रथिनांनी.

प्रतिपक्ष २०१६चा कॅनडातला प्रयोग पुढे करील. त्यात दर किलो वजनामागे २.४ ग्रॅम प्रथिने घेणाऱ्या तरुणांची चरबी ४.८ किलोंनी उतरली, १.२ ग्रॅम घेणाऱ्यांची ३.५ किलोंनी. पुरावा खरा आहे. पण दोन्ही गट गरजेपेक्षा ४० टक्के कमी ऊर्जा घेत होते आणि कसून व्यायाम करत होते. ती तूट काढून घ्या; मग काय उरते?

मग प्रथिने गौण ठरतात का? मुळीच नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांची तुलना २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापली गेली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहातही स्नायू कमी आणि चरबी अधिक असू शकते. अशा देहाने उपाशी राहून स्नायूही गमावले, तर वजनकाटा खूश होईल, प्रकृती नाही. म्हणून वजन उतरवताना प्रथिने हवीतच, पण स्नायूंची राखण करायला.

वाचकहो, निवाडा तुमचा. कोलकात्याच्या ताटात शंभर ग्रॅम रोहू माशाच्या जेमतेम शंभर कॅलरी असतात, आणि मोहरीच्या तेलाच्या एका मोठ्या चमच्यात सव्वाशे. मासा राहू द्या. हात आखडायचा तो तेलावर, भाताच्या दुसऱ्या वाढपावर आणि ‘छेन्याचा आहे’ म्हणून उचललेल्या तिसऱ्या संदेशावर.