कवड्या, काड्या आणि तीस पौंड

१९५६ साली पूर्व नायजेरियाच्या विधिमंडळाने एनुगू इथे एक कायदा केला. लग्नात मुलीच्या घरी द्यायची रक्कम तीस पौंडांच्या वर जाता कामा नये, असं त्यात म्हटलं होतं. देश अजून ब्रिटिशांच्या ताब्यात होता. प्रांताचा कारभार मात्र न्नामदी अझिकिवे यांच्या सरकारकडे आला होता, आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या या सरकारला लग्नाच्या व्यवहाराला लगाम घालणं निकडीचं वाटत होतं. कायद्याच्या इंग्रजी नावात हुंड्यासाठी वापरतात तोच शब्द आहे. पैसा मात्र उलट दिशेने जातो, नवऱ्याकडून नवरीच्या माहेरी. म्हणजे हे देज. महाराष्ट्रातही एकेकाळी अनेक जातींत देज घेत, त्यामुळे मराठी वाचकाला ही कल्पना अगदीच परकी नाही.

देज पूर्वजांपासून चालत आलंय, असं पूर्व नायजेरियातला इग्बो माणूस सांगतो आणि ते खरंच आहे. पण ‘किती?’ असं विचारल्यावर एका दमात सांगता येईल अशी ठोक रक्कम हे या प्रथेचं सगळ्यात तरुण अंग आहे. त्या आकड्याला आई-बाप आहेत, जन्मगाव आहे, आणि ते गाव इग्बो मुलखातल्या खेड्यांपेक्षा कचेरीच्या जास्त जवळ आहे.

पूर्वी मागणी घातल्यापासून मुलगी नांदायला येईपर्यंत वर्षं लोटत. बोलणी बहुधा ती लहान असतानाच सुरू होत. मग मुलाकडून यामचे कंद जात, ताडीचे मडके जात, सणाला कोंबडं जाई. मुलगा मित्रांना घेऊन सासऱ्याच्या शेतात यामसाठी मातीचे उंचवटे रचून देई. यातली प्रत्येक वस्तू वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसाच्या हातात पडे. बापाचा वाटा वेगळा, आईचा वेगळा, भावकीचा वेगळा. इग्बो लोक भावकीला ‘उमुन्ना’ म्हणतात, आणि तिच्या समोर न झालेला व्यवहार लग्न म्हणून मोजलाच जात नसे. सगळ्याची बेरीज करायची गरज कुणालाच नव्हती. बायकोचं देणं कधी फिटत नाही, असं जुनी माणसं म्हणत. त्यात तक्रार नव्हती, सोयरीक चालू असल्याची खूण होती.

पश्चिमेकडे योरुबा लोकांतही घडण अशीच होती, फक्त पायऱ्या अधिक नेमक्या. रेव्हरंड सॅम्युअल जॉन्सन ओयो इथे धर्मोपदेशक होते. त्यांनी १८९७ मध्ये योरुबांचा इतिहास लिहून पुरा केला, हस्तलिखित इंग्लंडला धाडलं आणि तिथे ते गहाळ झालं. जॉन्सन वारल्यावर त्यांच्या डॉक्टर भावाने टिपणांवरून ते पुन्हा उभं केलं आणि १९२१ मध्ये पुस्तक निघालं. त्यात लग्नाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. आधी मुलाच्या घरच्या बायका एखाद्या मुलीवर लक्ष ठेवतात आणि तसं सुचवून ठेवतात, मग ‘इशिहून’ म्हणजे होकार, आणि शेवटी लग्न. होकाराच्या वेळी चाळीस मोठी कोलाफळं, थोडे पैसे आणि मद्याचे मडके येत. कोला फोडून नातेवाइकांत वाटत. तुकडा ज्याच्या तोंडात गेला तो या सोयरिकीचा साक्षीदार. आपल्याकडे सुपारी फुटली की माघार नसते, तसंच. समाजशास्त्रज्ञ फादिपे यांनी १९३९ मध्ये लंडनला सादर केलेल्या प्रबंधात जावयाच्या श्रमांची नोंद आहे. जावई मित्रमंडळींचा ताफा घेऊन सासऱ्याच्या शेतात राबायला जाई. या कष्टांना कुणी किंमत लावत नसे, पण ते टाळणाऱ्याला मुलगीही मिळत नसे.

पैसा होताच, पण तो समुद्रातून आलेला. मालदीवच्या उथळ पाण्यातल्या कवड्या बंगाल आणि सिलोनमार्गे युरोपच्या जहाजांवर चढत, जहाजाला स्थैर्य देणारा भार म्हणून लंडन-ॲमस्टरडॅमला पोचत आणि तिथून गिनीच्या किनाऱ्यावर गुलामांच्या मोबदल्यात उतरत. आपण ‘कवडीमोल’ म्हणून जिला हिणवतो, तिच्यावर तिथे घरं उभी राहिली. योरुबा हिशेबात चाळीस कवड्यांची एक माळ, पन्नास माळांचं एक ‘डोकं’ आणि दहा डोक्यांची एक पिशवी, म्हणजे वीस हजार कवड्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जर्मन व्यापाऱ्यांनी झांझिबारची मोठ्या आकाराची स्वस्त कवडी गलबतं भरभरून आणली आणि भाव कोसळला. इग्बो मुलखात उत्तरेकडे कवडी चाले, दक्षिणेकडे ‘मनिला’ नावाची पितळ-तांब्याची उघडी कडी, तर क्रॉस नदीच्या बाजूला पितळी कांबी. तेच लग्न, तीच भावकी, पण दर दोन दिवसांच्या वाटेवर चलन निराळं. अशा ठिकाणी ‘देज किती?’ याचं एकच उत्तर कसं असणार?

मग ठरवत कसं? चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या १९५८ च्या कादंबरीत तो प्रसंग आहे. ओबिएरिकाच्या मुलीचं देज ठरतं ते केरसुणीच्या काड्यांवर. मुलीकडचे तीस काड्यांची जुडी पुढे करतात, मुलाकडचे बाहेर जाऊन मसलत करतात आणि पंधराच परत देतात, मुलीकडचे त्यात दहा घालतात. जुडी इकडून तिकडे फिरत राहते आणि अखेर वीस पिशव्यांवर थांबते. मधल्या वेळात ताडी चालू आहे, गप्पा चालू आहेत, आणि भावाचं बोलणं तोंडापेक्षा काड्याच जास्त करतात. पुढे हीच मंडळी शेजारच्या गावांना नावं ठेवतात: तिथे म्हणे बाजारात बकरी घेतल्यासारखी घासाघीस करतात. आणखी एका गावी जावई पिशव्या आणतच राहतो, सासरे ‘पुरे’ म्हणेपर्यंत. काड्यांची ही युक्ती मला फार शहाणी वाटते. आकडा ठरतो, पण कुणाच्याच जिभेला तो फारसा चिकटत नाही.

ब्रिटिश सत्तेने तो जिभेवर आणला. १९०० नंतर इग्बो मुलखात ‘नेटिव्ह कोर्ट’ उभी राहिली आणि नवरा-बायकोच्या तंट्यांनी ती भरून गेली. योरुबा बाजूला आबेओकुटा, इबादान इथेही बायका काडीमोड मागायला कचेरीत येऊ लागल्या होत्या. रीत अशी होती की बाईने नवरा सोडला तर देज परत करायचं. माहेरच्यांनी करावं, नाहीतर ज्याच्याकडे ती आता राहणार त्याने. गावात हे वर्षानुवर्षांच्या ओढाताणीतून निभावत असे. कोर्टातल्या कारकुनाला मात्र वहीत लिहायला एक रक्कम हवी होती. चार वर्षं रचलेले यामचे उंचवटे वहीत कसे लिहायचे? ताडीचे मडके किती, ते कुणी मोजले? म्हणून हळूहळू जे नाण्यांत दिलं तेच देज ठरलं आणि बाकीचं ‘भेटवस्तू’ म्हणून बाजूला पडलं. परतफेडीच्या सोयीसाठी देण्याची व्याख्या बदलली, असं मी म्हणेन. १९०४ मध्ये कवड्यांची आयात बंद झाली, १९४८-४९ मध्ये सरकारने मनिला गोळा करून चलनातून काढल्या आणि उरले शिलिंग-पौंड.

हे लोकांनी मुकाट्याने घेतलं असं नाही. १९२५ मध्ये इग्बो बायकांचे जथे गावोगाव नाचत-गात फिरले. ‘जुन्या रीतींकडे परता’ असं त्यांचं सांगणं होतं आणि त्यात जुन्या चलनाचीही आठवण होती. अधिकाऱ्यांना ते वेडेपण वाटलं.

देजाचा खरा अर्थ पैशात नव्हताच, तो हक्कात होता: ज्याने दिलं, मुलं त्याची. हा नियम किती लांब जाऊ शकतो हे १९३२ मधल्या एका खटल्यात दिसलं. तो इग्बोंचा नव्हे, कॅलबारच्या बाजूचा. बायको दुसऱ्याकडे राहायला गेली, तिथे तिला मुलं झाली, आणि आपलं देज परत मिळालेलं नसल्याने ती मुलं आपली, असा दावा आधीच्या नवऱ्याने केला. न्यायाच्या कल्पनेला हे धरून नाही, असं म्हणून कोर्टाने तो फेटाळला. पण त्याच नियमाचा दुसरा पदर इग्बो बायकांनी स्वतःसाठी वापरला होता. मूल नसलेली किंवा पैसेवाली बाई देज देऊन दुसऱ्या बाईशी लग्न लावी. त्या बाईला झालेली मुलं घराण्याचं नाव पुढे नेत आणि देज देणारी त्यांच्यासाठी बापाच्या जागी असे. यात शरीरसंबंधाचा प्रश्न नव्हता, वारसाचा होता. इफी अमादियुमे यांनी १९८७ च्या पुस्तकात न्नोबी गावातल्या अशा स्त्री-नवऱ्यांचा बारकाईने अभ्यास केला. नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९७६ मध्ये असं प्रकरण आलं तेव्हा, बाईने हे लग्न आपल्या नवऱ्यासाठी लावलं होतं असा अर्थ काढून न्यायाधीशांनी ते वैध मानलं. दोन बायकांचंच लग्न म्हणून ते मान्य करायची त्यांची तयारी नव्हती.

आता परत तीस पौंडांकडे. १९१५ पासून एनुगूच्या कोळसा खाणी चालू होत्या, रेल्वे होती, कचेऱ्या होत्या. पुढे कितीतरी तरुण फर्नांडो पो बेटावरच्या कोको मळ्यांत राबायला गेले. हातात रोकड येणारी पोरं वाढली तशी बापांची अपेक्षाही वाढली. शिकलेल्या मुलीच्या शाळेची फी देजात धरली जाऊ लागली. लग्नाळू तरुणांची कुरकुर एवढी झाली की सरकारने देजावर एक समिती नेमली. तिचा अहवाल १९५५ मध्ये आला आणि पुढल्या वर्षी कायदा झाला. त्याच १९५६ मध्ये त्याच विधिमंडळाने ओसू प्रथा रद्द करणारा कायदाही केला. ओसू म्हणजे एकेकाळी देवाला वाहिलेल्या माणसांचे वंशज. त्यांच्याशी सोयरीक निषिद्ध. मागणी आली की इग्बो घर आधी चौकशीला माणसं पाठवतं. त्या घरात वेड, चोरी, लवकर येणारं मरण आहे का, आणि हळू आवाजात, ते ओसू तर नाहीत ना. कायद्याने ओसू म्हणून हिणवणं गुन्हा ठरवलं, पण चौकशीला जाणाऱ्याला अडवणारं कलम कुठून आणायचं? अजूनही शिकलेल्या, शहरात राहणाऱ्या मुलांची लग्नं या एका उत्तरावर मोडतात.

देजाच्या कायद्याचंही तेच झालं, जरा मजेशीर रीतीने. १९७३ मध्ये पौंड जाऊन नायरा आला, दोन नायरांना एक पौंड या दराने. तीस पौंडांचे साठ नायरा झाले. साठ नायरांत आज पिण्याच्या पाण्याच्या एका प्लास्टिक पिशवीपलीकडे फारसं काही येत नाही. आकड्याला टोपण बसल्यावर खर्च दुसऱ्या भांड्यात ओतला गेला. ते भांडं म्हणजे यादी. आता मुलीच्या गावची भावकी टाइप केलेली, झेरॉक्स काढलेली यादी मुलाच्या हातात ठेवते. त्यात भावकीसाठी बोकड, याम, ताडी आणि बिअरचे क्रेट, मुलीच्या आईसाठी लुगडी, गावातल्या तरुणांसाठी वेगळं पाकीट आणि ‘उमुआदा’ म्हणजे त्या घरच्या माहेरवाशिणींसाठी वेगळं. माहेरवाशिणींना दुखावून लग्न पार पडलंय असं सहसा होत नाही. नॉर्वेहून येणारा वाळवलेला कॉड मासाही यादीत असतो. म्बाइसे भागाच्या याद्या इतक्या लांब म्हणून गाजलेल्या आहेत की तिथल्या मुलींवर विनोद होतात, आणि त्या विनोदांचा ताप त्या मुलींनाच होतो. बैठकीच्या दिवशी देजाची रक्कम मात्र आतल्या खोलीत, मोजक्या माणसांत, अजूनही पुष्कळदा काड्यांवर ठरते. मग बाहेर अंगणात मुलगी ताडीचा पेला घेऊन गर्दीत नवऱ्याला शोधते, वाटेतली पोरं ‘इकडे, इकडे’ म्हणून तिला चकवतात, ती त्याच्यापुढे गुडघे टेकते, घोट घेऊन पेला त्याला देते, आणि लग्न लागलं.

लागोसच्या योरुबा मांडवात दुसरंच नाटक असतं. नवरामुलगा मित्रांसह सासऱ्यांपुढे पालथा पडून साष्टांग नमस्कार घालतो. दोन्हीकडच्या भाडोत्री बोलक्या बायका, एक ‘उभी’ आणि एक ‘बसलेली’, त्याला पुन्हा पुन्हा पालथा पाडतात आणि प्रत्येक वेळी नोटा काढायला लावतात. मध, मीठ, कोला, याम, फळांच्या टोपल्या रचून ठेवलेल्या असतात. नवरीला त्यातून एक वस्तू उचलायला सांगतात आणि ती बायबल किंवा कुराण उचलते, कारण अंगठी त्यालाच बांधलेली असते. शेवटी देजाचं पाकीट सासऱ्याच्या हाती येतं. पुष्कळ घरी तो ते सगळ्यांदेखत परत करतो: आम्ही मुलगी विकत नाही. टाळ्या पडतात. टोपल्या मात्र कुणी परत करत नाही.

इग्बो बाप पाकीट परत करत नाही, पण पुष्कळजण त्यातल्या चार नोटाच ठेवून घेतात. उद्या मुलीला तिथे सुख नाही असं दिसलं तर तिला घरी आणताना हात आखडायला नको, असा त्यामागचा विचार सांगतात. दुसऱ्या बाजूने, देज न देताच संसार मांडलेल्या बाईचं निधन झालं की अनेक गावांत तिची भावकी आधी देज मागते, मगच माती देऊ देते. आणि आईचं देज दिलेलं नसेल तर बापाला लेकीचं घेता येत नाही. लग्नाच्या वेळी नवऱ्याने दिलेली रक्कम मोठी नसली तरी चालते, पण ती उमुन्नासमोर द्यावी लागते, कोला फोडून. संसार मोडला तर कोर्टात परत मागता येते तीही हीच रक्कम. बोकड आणि ताडीचा हिशेब मागायला गेलेल्या जावयाला भावकी हसते, कारण ते सगळं त्यानेही त्यांच्यासोबत बसून खाल्लेलं असतं.