पुण्याचा कुंभार आणि नवें हाड

महाबळेश्वरास गेलेला मनुष्य आर्थर सीटवर गेल्यावांचून सहसा परतत नाहीं. समोर सावित्रीचें खोरें, पलीकडे कोंकण आणि पायांखालीं तुटलेला कडा. हें दृश्य पाहात असतां हा आर्थर कोण, हें विचारण्याचें भान कोणास राहात नाहीं. आम्हांसही कित्येक वर्षें राहिलें नव्हतें. हा आर्थर मॅलेट म्हणजे मुंबई सरकारच्या मुलकी नोकरींतला एक अधिकारी. त्याचे वडील सर चार्ल्स मॅलेट हे पुण्यास पेशव्यांच्या दरबारीं इंग्रजांचे वकील होते. आणि त्याची आई सुझाना ही जेम्स वेल्स या चित्रकाराची मुलगी. सवाई माधवराव व नाना फडणवीस यांचीं चित्रें काढणारा तोच हा वेल्स. या वडिलांचा आणि या आजोबांचा, दोघांचाही, एका नाक कापलेल्या मराठा शेतकऱ्याच्या गोष्टीशीं संबंध आला होता. आज हाडाच्या जागीं नवें हाड उपजविण्याचा जो उद्योग जगभर चालला आहे, त्याचें मर्म समजून घेण्यास त्या गोष्टीपासून आरंभ करणें आम्हांस सोयीचें वाटतें.

त्या शेतकऱ्याचें नांव इंग्रजी वृत्तांतांत कावसजी असें दिलें आहे. मराठा कुणब्याचें नांव कावसजी कसें, हें कोडेंच आहे. इंग्रजी कानांनीं काय ऐकलें असेल तें असो. १७९२ सालच्या टिपूवरील स्वारींत तो इंग्रजी फौजेबरोबर बैल हांकण्याच्या कामावर होता. (तासगांवकर परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज याच लढाईंत इंग्रजांच्या बाजूनें होती, हें वाचकांस स्मरत असेलच.) तो टिपूच्या हातीं सांपडला; टिपूनें त्याचें नाक व एक हात कापविला. वर्षाहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. पुढें पुण्याजवळच्या एका विटा भाजणाऱ्या कुंभारानें त्यास नवें नाक करून दिलें. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत हा वृत्तांत छापून आला, आणि त्याबरोबर वेल्सच्या चित्रावरून तयार केलेलें कावसजीचें चित्रही आलें. अशी शस्त्रक्रिया आपल्या डोळ्यांनीं पाहिलेल्या इंग्रज डॉक्टरांचीं नांवें त्यांत आहेत. कुंभाराचें नांव नाहीं.

कुंभारानें केलें तें असें. मेणाचा पातळ पत्रा करून तो नाकाच्या खुंटावर बसविला. मग तो उलगडून कपाळावर सपाट ठेवला व त्याच्या कडेनें रेघ ओढली. त्या रेघेवर कापून कपाळाची कातडी सोडविली. परंतु दोन्ही डोळ्यांच्या मधली एक चिंचोळी पट्टी तशीच ठेविली. कातडी या पट्टीवर पिळून खालीं वळविली आणि खुंटाच्या ताज्या केलेल्या कडांत बसविली. टांका एकही नाहीं. वर ओल्या काताच्या चिंध्या. चार दिवसांनीं त्या काढून तुपांत भिजविलेलीं फडकीं लाविलीं. मधली पट्टी सुमारें २५ व्या दिवशीं कापली.

या २५ दिवसांतच सर्व विद्या आहे. कातडी नव्या जागीं रुजेपर्यंत जुन्या जागेचें रक्त तिला मिळत राहिलें पाहिजे. पट्टी आधीं तोडली तर नाक काळें पडून गळून जाईल. रक्तवाहिन्यांविषयीं कुंभारास काय ठाऊक होतें हें सांगतां येणार नाहीं, पण पट्टी केव्हां तोडावी हें त्यास ठाऊक होतें.

लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्यानें हीच रीत १८१४ सालीं अवलंबिली व १८१६ सालीं तीवर पुस्तक लिहिलें. त्यानें सर चार्ल्स मॅलेट यांस पत्र घालून विचारणा केली होती. ही क्रिया हिंदुस्थानांत फार पूर्वापार चालत आली असून ती कुंभारांच्या जातीचे लोक करितात व बहुधा यशस्वी होते, असें मॅलेटनें त्यास कळविलें. येथें आपल्याकडे सुश्रुताचें नांव घेऊन विषय संपविण्याची चाल आहे. सुश्रुतसंहितेंत नाक जोडण्याचा विधि आहे हें खरें. पण तेथें पानाचें माप घेऊन गालाचें मांस घेण्यास सांगितलें आहे, कपाळाचें नव्हे. ग्रंथ आणि कुंभार यांच्यामधला दुवा आम्हांस तरी दिसलेला नाहीं. तो आहेच असें धरून चालण्यांत कुंभाराचा मान वाढत नसून कमीच होतो.

या नाकांत एक उणीव मात्र होती. तें केवळ कातडीचें होतें. आंत हाड नव्हतें. आधारावांचून कातडी आक्रसते व नाक बसतें, हें युरोपांत लवकरच अनुभवास आलें. १८८६ सालीं फ्रान्झ क्यॉनिग या जर्मन शस्त्रवैद्यानें कपाळाच्या कातडीबरोबर खालच्या हाडाची कपचीही उचलून ती नाकांत वळविली. पुण्याच्या रीतीला हाड मिळालें तें असें.

पण हाड म्हणजे तरी काय? फ्रान्सांत ऑलिए यानें १८६७ सालीं मत मांडिलें कीं, हाड उपजविण्याची शक्ति त्यावरील पातळ वेष्टनांत असते. ग्लासगोच्या मॅक्यूएन यानें १८८० च्या सुमारास एका मुलाच्या नासलेल्या दंडांत इतर रुग्णांच्या वांकड्या पायांतून काढलेले हाडाचे तुकडे बसवून दंड उभा केला, आणि शक्ति हाडाच्या पेशींतच असते असा पक्ष घेतला. दोघांचे शिष्य पुष्कळ भांडले. मग बार्ट या जर्मन संशोधकानें दाखविलें कीं, बसविलेलें हाड बहुतेक मरतें. शेजारचें जिवंत हाड त्यावर हळूहळू चढतें व त्याची जागा घेतें. वेल मांडवावर चढावा, आणि वेल भरतां भरतां मांडव कुजून जावा, तसें हें आहे.

मांडव मेलेलाच असेल, तर तो हाडाचाच कशाला हवा? १८९२ सालीं ड्रीसमान यानें हाडांतल्या पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसनें भरून पाहिल्या. १९६९ सालीं अमेरिकेंत लॅरी हेंच यानें हाडाशीं घट्ट जडणारी कांच तयार केली. हाडांतलेंच खनिज, हायड्रॉक्सिॲपटाइट, प्रयोगशाळेंत सच्छिद्र करितां येऊं लागलें. वेलाचें बीज तर शरीरांतच होतें. मॉस्कोंत फ्रीडेनश्टाइन यानें अस्थिमज्जेंत अशा पेशी दाखविल्या कीं ज्या वेगळ्या वाढवून दुसरीकडे लाविल्या तरी हाड करितात. १९६५ सालीं मार्शल युरिस्ट यानें खनिज काढून घेतलेल्या हाडाचा तुकडा स्नायूंत ठेवून तेथें नवें हाड उगविलें. मज्जेंतल्या त्या पेशींस पुढें मूळपेशी हें नांव रूढ झालें.

बीज आहे, मांडव आहे. मग अडलें कोठें? पाण्यापाशीं. रक्ताच्या सूक्ष्म वाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांश अंतरापलीकडे पेशी फार काळ जगत नाहीं. नखाएवढ्या मांडवांत कडेच्या पेशी जगतात, गाभ्यांतल्या उपाशी मरतात. २००१ सालीं इटालियन वैद्यांनीं तीन रुग्णांच्या हाडांतलीं ४ ते ७ सेंटिमीटरचीं खिंडारें त्यांच्याच मज्जेच्या पेशी सच्छिद्र खनिजावर वाढवून भरून काढल्याचें प्रसिद्ध केलें. तरी ती रीत घरोघरची झाली नाहीं, आणि शस्त्रवैद्य आजही पहिल्यानें रुग्णाच्याच कमरेच्या हाडाकडे वळतो. २००४ सालीं जर्मनींतल्या कील येथें प्रसिद्ध झालेला प्रयोग आम्हांस अधिक बोलका वाटतो. कर्करोगामुळें खालचा जबडा गमावलेल्या एका रुग्णासाठीं टायटॅनियमच्या जाळीचा जबड्याच्या घाटाचा पिंजरा केला. त्यांत हाडाचें खनिज, त्याचीच मज्जा व हाड उपजविणारें एक प्रथिन घातलें आणि तो त्याच्याच पाठीच्या स्नायूंत ७ आठवडे पुरून ठेविला. तेथें हाड धरलें, रक्तवाहिन्या शिरल्या. मग त्या वाहिन्यांसकट जबडा उचलून तोंडांत बसविला, व कित्येक वर्षांनीं तो मनुष्य चावून जेवला. नवें अवयव आधीं स्वतःच्या रक्तावर पोसावें, मग हलवावें, ही कपाळाच्या पट्टीचीच युक्ति आहे.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांत १९८८ पासून दान मिळालेलें हाड शुद्ध करून, वाळवून व गॅमा किरणांनीं निर्जंतुक करून देणारी पेढी आहे. हा मांडवाचाच पुरवठा होय. पुणें विद्यापीठाच्या आवारांतल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रांतून देशभरच्या प्रयोगशाळांस जिवंत पेशी जातात. परंतु मूळपेशींच्या एका सुईनें आजोबांचा गुडघा नवा करून देण्याच्या जाहिरातीही याच काळांत घरांत येऊं लागल्या आहेत. अशा उपचारांस सरकारी वैद्यक संशोधन परिषदेनें २०१७ सालच्या नियमांत प्रयोगाबाहेर मुभा दिलेली नाहीं, हें घरच्या कर्त्या माणसानें पैसे मोजण्यापूर्वीं लक्षांत घ्यावें. कुंभारानें २५ दिवस वाट पाहिली, कीलच्या वैद्यांनीं ७ आठवडे. जाहिरातवाल्यांस मात्र दुपारपर्यंत काम उरकावयाचें असतें.

कावसजीच्या कापलेल्या हाताविषयीं वृत्तांतांत पुढें कांहीं येत नाहीं. हातांत कातडीखालीं हाडें, स्नायुरज्जू व मज्जातंतू. तेथें कपाळाची कातडी काय करणार? नाक मिळालें, कंपनी सरकारचें पेन्शन मिळालें. हात गेला तो गेलाच.