चिखलपक्षी व कुरव : नागपूर परिसरातील निरीक्षण

उथळ पाण्याच्या काठी चिखलातील किडेमुंग्या टिपून उपजीविका करणारे चिखले, तुतवार, टिलवे, शेकाटे आदी पक्षी, तसेच सामान्यतः समुद्राशी जोडला जाणारा कुरव, यांचे नागपूर जिल्ह्यात व लगतच्या भंडारा-गोंदिया मुलखात मुख्यतः हिवाळ्यात होणारे अवलोकन. समुद्र शेकडो मैल दूर असलेल्या या प्रदेशात खाडी नाही आणि भरती-ओहोटीही नाही. परंतु ओहोटीचे काम येथे तलावाचे तुडूम, म्हणजे पाणी सोडण्याचे दार, करते. धानाला पाणी सुटले, की पाळीपासून दूरच्या उथळ अंगाने तलाव हळूहळू मागे सरतो आणि जी ओली, काळी गाळपेर जमीन उघडी पडते तीच मध्य आशियातून व सैबेरियातून आलेल्या या पाहुण्यांची चौपाटी ठरते.

म्हणूनच 1870 साली बांध घातलेला आंबाझरी तलाव किंवा दगडी काठाचा फुटाळा फिरावयास कितीही रमणीय असला, तरी या पक्ष्यांच्या दृष्टीने तो कृपणच. खरे वैभव पारडगाव, सायकी यांसारख्या खेड्यांकडील पाण्यावर आणि पूर्वेकडे कोहळी समाजाने घडविलेल्या मालगुजारी तलावांवर. 1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे मालगुजारांची गावावरील मालकी, संपुष्टात येऊन हे तलाव सरकारजमा झाले. निस्ताराचे, म्हणजे गावकऱ्यांच्या वापराचे, हक्क कागदोपत्री उरले, मात्र गाळ उपसण्याची जबाबदारी कोणाची, हे अनेक गावी पुसटच राहिले. गाळाने व बेशरमीच्या झुडपांनी काठ व्यापला, की चिखल्याला धावण्यास जागा उरत नाही.

आणि त्याचे धावणे हेच तर पाहण्याजोगे! छोटा कंठेरी चिखल्या चार पावले झपाट्याने जातो, खिळल्यासारखा थांबतो, एका पायाने चिखल थरथरवितो आणि जे हलले ते टिपतो. डोळ्याभोवतीचे पिवळे कडे तेवढ्यात दुर्बिणीत भरते. तुतवार मात्र शेपटीकडचा भाग सारखा खालीवर करीत असतो. सकाळी सूर्य पाठीशी घेऊन, पाळीआड बसून राहावे. चालत गेल्यास टिटवी सारा तलाव जागा करते.

नागपूरकडे कोणताही कुरव असाधारणच होय. नवशिक्यास दिसणारा ‘कुरव’ बहुधा नदी सुरय निघतो : दुभंगलेली लांब शेपटी, पिवळीधमक चोच, आणि पाण्यावर घिरट्या घालून सूर मारण्याची सवय. कुरवाचे पंख रुंद व शेपटी आखूड असते. तिबेटाच्या पठारी सरोवरांवर वीण करणारा तपकिरी डोक्याचा कुरव हिवाळ्यात ते तपकिरी शिरस्त्राण टाकून देतो आणि कानामागे केवळ एक काळसर डाग बाळगतो. पंखांच्या काळ्या टोकांवरील पांढरे ठिपके त्याची खूण पटवितात. प्रवासात विसाव्यास उतरलेला असा पक्षी जलाशयाच्या ऐन मध्यावर, बदकांच्या थव्यापासून जरा फटकून तरंगताना दिसतो. दुसऱ्या सकाळी सोबत्यांना घेऊन जावे, तर तेथे पाणकावळे तेवढे पंख वाळवीत बसलेले.