उलट्या फिरणाऱ्या चकतीचा नियम

जुन्या वीजमीटरच्या काचेआड ॲल्युमिनियमची एक चकती फिरत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे मीटर घडले तेव्हा वीज कंपनीकडून घराकडे येते, एवढेच गृहीत होते. मात्र या चकतीचा एक गुण असा की विजेचा प्रवाह उलटला की तीही उलटी फिरे आणि आकडे कमी होत जात. घरगुती सौर वा पवन विजेच्या 'नेट मीटरिंग' या नियमाचा उगम या यांत्रिक गुणात आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९७९ मध्ये एक निवासी संकुल आणि एक प्रायोगिक सौरगृह येथे हा प्रकार प्रथम प्रत्यक्षात आला. दुपारची शिल्लक वीज तारांमध्ये गेली, रात्री तेवढी परत घेतली गेली आणि बिल फरकाचे झाले. एक युनिट दिले तर एक युनिट मिळेल, हा विनिमयाचा दर कोणत्याही आयोगाने हिशेब मांडून ठरवलेला नव्हता. तो मीटरनेच ठरवून टाकला होता. त्याआधी १९७८ मध्ये तेथील संघराज्य सरकारने वीज कंपन्यांनी छोट्या उत्पादकांची वीज विकत घेतली पाहिजे, असा कायदा केला होता. पुढे १९८३ मध्ये मिनेसोटा राज्याने ४० किलोवॅटपेक्षा लहान उत्पादकांसाठी फरकाच्या बिलाची पद्धत कायद्यात आणली. नेट मीटरिंगचा पहिला कायदा म्हणून सामान्यतः त्याचाच उल्लेख होतो. योगायोगाने रूढ झालेला दर असा कायद्यात आला.

या दरात एक प्रश्न दडलेला होता. ग्राहक एका युनिटसाठी जे पैसे देतो, त्यात केवळ वीजनिर्मितीचा खर्च नसतो. तारा, रोहित्रे, उपकेंद्रे, दुरुस्ती, कर्मचाऱ्यांचे वेतन आणि गळती यांचाही वाटा त्यात असतो. चकती उलटी फिरली की हे सारे वाटे वजा होतात. प्रत्यक्षात त्या ग्राहकाला तारांची गरज इतरांइतकीच असते. किंबहुना तो त्या दोन्ही दिशांनी वापरतो. ग्राहक मूठभर असताना या प्रश्नाकडे दुर्लक्ष करणे परवडते, ते लाखांनी वाढले की परवडत नाही.

भारतात १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने राज्य वीज मंडळांचा पाया घातला. त्या रचनेत नागरिक हा केवळ ग्राहक होता. २००३ च्या वीज कायद्याने वीजनिर्मिती परवानामुक्त केली आणि नवीकरणीय विजेला प्रोत्साहन देण्याची व तिला जाळ्याशी जोडण्याची जबाबदारी कलम ८६ अन्वये राज्य वीज नियामक आयोगांवर टाकली. वीज हा समवर्ती सूचीतील विषय असल्याने नियमही राज्यागणिक वेगळे झाले. इंदूर, हैदराबाद वा बंगळुरू येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला पुण्यातील नातेवाइकांचे नियम लागू पडत नाहीत, ते यामुळेच.

२००८ मध्ये कोलकात्याजवळील न्यू टाउनमध्ये 'रविरश्मी आवासन' ही २५ घरांची सौर वसाहत उभी राहिली. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले. तमिळनाडूने २०१२ च्या सौर धोरणात नेट मीटरिंग स्वीकारले. २०१३ मध्ये नियामक मंचाने राज्यांसाठी नमुना नियमावली तयार केली आणि त्याच वर्षी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने जोडणीची तांत्रिक मानके ठरवली. ग्रिडचा पुरवठा बंद पडताच छतावरील संचाने तारांत वीज सोडणे थांबवले पाहिजे, ही त्यातील महत्त्वाची अट. तिच्यावर खांबावर चढलेल्या लाइनमनचे प्राण अवलंबून असतात. महाराष्ट्राची नियमावली २०१५ मध्ये आली. त्याच वर्षी केंद्राने १०० गिगावॅट सौर विजेचे उद्दिष्ट जाहीर केले आणि त्यापैकी ४० गिगावॅट छतांवर अपेक्षिले.

येथे भारतीय परिस्थितीचे वेगळेपण लक्षात घेतले पाहिजे. आपल्याकडे उद्योग, व्यापारी आणि जास्त वापर करणारी घरे उत्पादनखर्चाहून अधिक दर देतात व त्यातून शेतीपंप आणि गरीब घरे यांचा भार काही अंशी उचलला जातो. छतावर सौर संच बसवणारा ग्राहक बहुधा या अधिक दर देणाऱ्या वर्गातला असतो. त्याला स्वतःचे छत असते, हाती भांडवल असते. तो वजा झाला की उरलेला भार भाडेकरूवर, चाळीत राहणाऱ्यावर किंवा सरकारी तिजोरीवर येतो. वितरण कंपन्यांची नाराजी निव्वळ आडमुठेपणा नव्हती, ती या कारणाने. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. छतावरची वीज वापराच्या जागीच तयार होते, वहनातील गळती वाचते आणि त्या संचाचा भांडवली खर्च मुख्यतः नागरिक स्वतःच्या खिशातून करतो.

हा ताण ३१ डिसेंबर २०२० रोजी उघड झाला. त्या दिवशी अधिसूचित झालेल्या ग्राहक हक्क नियमांत नेट मीटरिंग १० किलोवॅटपर्यंत मर्यादित करण्यात आले. त्यापुढील संचांना 'ग्रॉस मीटरिंग' लागू होणार होते. याचा अर्थ असा की तयार झालेली सगळी वीज ठरावीक, बहुधा कमी, दराने विकायची आणि लागणारी सगळी वीज पूर्ण दराने विकत घ्यायची. छोटे कारखाने, शाळा, रुग्णालये आणि गृहनिर्माण संस्था यांचे गणितच त्यामुळे कोलमडत होते. विरोध झाला आणि २८ जून २०२१ च्या दुरुस्तीने मर्यादा ५०० किलोवॅट किंवा मंजूर भार, यांपैकी जे कमी असेल ते, अशी झाली.

सहा महिन्यांत मर्यादा पन्नासपट झाली. १० हा आकडा योग्य की ५०० हा, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. परंतु सौर पट्ट सुमारे पंचवीस वर्षे टिकतो आणि त्यावरील खर्च अनेक वर्षांनी भरून निघतो. ज्याने कर्ज काढून असा संच बसवायचे ठरवले, त्याच्या दृष्टीने नियमाचे स्थैर्य हेच मुख्य भांडवल असते. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांना मिळणारा मोबदला बराच घटवला, पण आधीच्या ग्राहकांच्या अटी जोडणीपासून वीस वर्षांपर्यंत कायम ठेवल्या. त्या निर्णयावर तेथे टीका पुष्कळ झाली. तरी दिलेला शब्द मोडला, असे जुन्या ग्राहकाला म्हणता आले नाही.

हा प्रश्न यापुढे टळणारा नाही. जून २०२३ च्या दुरुस्तीने सौर तासांतील वीजदर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा, असे तत्त्व मान्य झाले. दुपारचे युनिट आणि रात्रीचे युनिट यांची किंमत सारखी नाही, ही त्याची सरळ कबुली होय. दुसरीकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये १० किलोवॅटपर्यंतच्या संचांसाठी तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची अट काढण्यात आली आणि त्याच महिन्यात प्रधानमंत्री सूर्यघर योजनेला मंजुरी मिळाली. एक कोटी घरांचे लक्ष्य आणि प्रत्येकी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान अशी ती योजना आहे. म्हणजे एकीकडे आपण नागरिकाला उत्पादक होण्याचे आमंत्रण देत आहोत आणि दुसरीकडे ज्या विनिमय दरावर ते आमंत्रण उभे आहे, त्याचा आधार सैल होतो आहे.

या इतिहासातून प्रशासनाने घ्यायचा बोध साधा आहे. तारांचा खर्च बिलात वेगळा व उघड दाखवावा, म्हणजे कोण कोणाचा भार उचलतो हे सर्वांना दिसेल. गरिबांच्या विजेचे अनुदान शेजाऱ्याच्या मीटरमधून काढण्याऐवजी अर्थसंकल्पातून द्यावे. मोबदला कमी करायचा झाल्यास तो टप्प्याटप्प्याने, आगाऊ सूचना देऊन आणि केवळ नव्या ग्राहकांसाठी करावा. चकतीचे मीटर आता मागे पडले. आजच्या मीटरमध्ये घेतलेली आणि दिलेली वीज वेगवेगळी नोंदली जाते, त्यामुळे यापुढचा दर यंत्राच्या योगायोगावर सोडण्याचे कारण उरलेले नाही. तो माणसांनीच, हिशेब मांडून, ठरवला पाहिजे आणि एकदा ठरवला की पाळला पाहिजे.