चार्ल्स्टनचा भात

मागच्या शनिवारी चार्ल्स्टनला जाऊन आलो. कोलंबियाहून दोन तासांचा रस्ता, सकाळी निघून रात्री घरी. १६७० साली वसलेलं हे साउथ कॅरोलायनातलं बंदर. जुन्या हवेल्या, घोडागाड्या, फोटो काढून हात दुखतात. पण मंडळी, आज लिहायचंय ते जेवणाबद्दल.

दुपारी समोर आला 'हॉपिन जॉन', म्हणजे चक्क चवळी घालून शिजवलेला भात (त्यात डुकराचं मांस असतं, शाकाहारी नातेवाइकांनी नोंद घ्यावी). सोबत भेंडीचं सूप. इथे भेंडीला ओक्रा म्हणतात, आणि तो शब्द पश्चिम आफ्रिकेतला. या ताटाचं मूळही बरंचसं तिकडचंच.

अठराव्या शतकात हे शहर गब्बर झालं ते तांदळावर. मळ्यांचे मालक इंग्लंड-बार्बाडोसकडचे, त्यांना भातशेतीचा काय गंध असणार? पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मात्र भात पिढ्यानपिढ्या पिकत होता. तेव्हाच्या इथल्या वर्तमानपत्रांत गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती येत, त्यांत माल 'तांदळाच्या किनाऱ्या'वरचा असल्याचं आवर्जून छापलेलं असे! शेतीचं श्रेय नेमकं किती कुणाचं, यावर इतिहासकार अजून भांडतात. चिखलात उभं कोण होतं, यावर वाद नाही. गोव्याची खाजणं पाहिली असतील तर त्या शेतीची कल्पना येईल. तसेच बांध, तशीच लाकडी दारं. फक्त तिथे खारं पाणी अडवायचं, इथे भरतीच्या रेट्याने नदीत वर चढलेलं गोडं पाणी आत घ्यायचं. हे मैलोन्‌मैल बांध गुलामांनी फावड्यांनी घातले.

चाल्मर्स स्ट्रीटवर लिलावाची जुनी जागा आहे, आता तिथे संग्रहालय आहे. १८५६ मध्ये शहराने गुलामांच्या जाहीर लिलावांना रस्त्यावर बंदी घातली. माणसं विकायला नव्हे हं, रस्त्यावर विकायला! मग धंदा या भिंतींच्या आत आला. गुलामगिरीतल्या वाट्याबद्दल नगरपरिषदेने माफी मागितली ती २०१८ मध्ये. असो.

संध्याकाळी बाजारात स्वीटग्रास नावाच्या गवताच्या टोपल्या विणत बसलेल्या गला बायका दिसल्या. गला म्हणजे त्याच गुलामांचे वंशज, त्यांची भाषाही वेगळी. टोपल्यांच्या किमती ऐकून आधी गारच झालो. त्यातली एक पसरट, गोल, उथळ काठाची. भात पाखडायची. म्हणजे आपलं सूपच की! मी ती हातात धरून आजीसारखी पाखडायची नक्कल केली. बाई हसल्या, टोपली काढून घेतली आणि मनगट कसं झटकायचं ते दाखवलं. आजी सूप पुढे झटकायची, या किंचित गोल फिरवतात.